पहिल्या सेल्फला धूर: जुनी गाडी रात्रभरात काय गिळते ते कसं ओळखायचं

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की सायलेन्सरमधून एक ढग निघतो. दहा-पंधरा सेकंदांत तो विरतो आणि मग दिवसभर गाडी तक्रारीला जागा ठेवत नाही. दोन लाख किलोमीटर ओलांडलेल्या गाडीच्या मालकाला हे दृश्य ओळखीचं असतं. त्याला चक्रावून टाकतात ती त्यावर मिळणारी उत्तरं. एक जण सांगतो, "वाफ आहे, सोडून द्या." दुसरा म्हणतो, "रिंगा गेल्या, इंजिनाचं काम काढा." तिसरा ऑइलमध्ये ओतायची एखादी बाटली सुचवतो. गंमत अशी की तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळा धूर असतो.

धुराचा रंग पाहावा हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सुरुवातीच्या धुराबाबत रंगाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. धूर दिसतो इंजिन सुरू होताना, पण त्याची तयारी होते इंजिन बंद असताना. कुठला तरी द्रव रात्रभरात नको तिथे झिरपून साचतो आणि सकाळी इंजिनाच्या पहिल्या काही फेऱ्यांत जळून बाहेर पडतो. म्हणून शोधायचं ते एवढंच: कोणता द्रव, कुठल्या वाटेने आणि किती.

## इंजिन म्हणजे एक खोली

सिलिंडरमध्ये जिथे इंधन जळतं ती जागा एक छोटी खोली समजा. तिच्या छताच्या वर ऑइल असतं, कारण हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह (झडपा) उघडझाप करणाऱ्या भागांना वंगण लागतं. जमिनीखालीही ऑइलच. भिंतींच्या आतून आणि छताच्या पोकळ्यांतून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, फिरतं. आणि खोलीत इंधन येतं, तेही ठरल्या वेळी, ठरल्या मापात.

ही खोली कोरडी ठेवायचं काम तिघांकडे आहे. छताला, म्हणजे इंजिनाच्या हेडला, व्हॉल्व्हच्या दांड्यांसाठी भोकं असतात. त्या प्रत्येक दांडीवर रबराची एक छोटी टोपी बसवलेली असते, ती व्हॉल्व्ह सील. जमीन म्हणजे पिस्टन, आणि त्याच्या कडेची फट बुजवतात त्या पिस्टन रिंगा. भिंत आणि छत यांच्या सांध्यात दाबून बसवलेली पातळ चकती म्हणजे हेड गॅस्केट. या तिघांपैकी कोण थकलंय हे ओळखलं की निदानाचं मोठं काम झालं. चौथी शक्यता इंधनाची, म्हणजे इंधन फवारणारा इंजेक्टर बंद असतानाही ठिबकत राहण्याची.

## आधी निर्दोष वाफ बाजूला काढा

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपात बाहेर पडतं. सायलेन्सर गार असताना ही वाफ आतल्या पत्र्यावर थिजते, जसा थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो. गार हवेत ती पांढरी दिसते, सायलेन्सरच्या तोंडातून पाण्याचे थेंबही टपकतात. नळी तापली की सगळं थांबतं. हा बिघाड नाही.

अशी वाफ पातळ असते, सायलेन्सरपासून थोड्याच अंतरावर हवेत नाहीशी होते आणि तिला विशेष वास नसतो. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर नळी पुरती तापतच नाही, पाणी आत साचत राहतं आणि वाफ जास्त दिसते. त्या गाडीचा सायलेन्सर आतून लवकर गंजतो, पण इंजिनाला त्यात काही झालेलं नसतं.

रेंगाळणारा, हवेत तरंगत राहणारा, वास असलेला धूर मात्र वेगळा. त्याचा पाठपुरावा करायलाच हवा.

## पहिला सेल्फ वाया घालवू नका

सुरुवातीच्या धुराची परीक्षा दिवसातून एकदाच घेता येते. गाडी एकदा सुरू करून बंद केली की पुरावा जळून गेलेला असतो. गॅरेजमध्ये दुपारी गाडी नेली आणि तिथे धूर आलाच नाही, हे म्हणूनच घडतं. ज्या दिवशी दाखवायची असेल त्याच्या आदल्या संध्याकाळीच गाडी तिथे ठेवावी आणि सकाळचा पहिला सेल्फ मेकॅनिकच्या समोर मारावा.

घरी करायची तपासणी अशी. गाडी सपाट जागी आणि उघड्यावर किमान ८ तास उभी राहू द्या. सुरू करण्याआधी डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइलची पातळी आणि कूलंटच्या टाकीतली पातळी पाहून लिहून ठेवा. कूलंटच्या टाकीवर पेनाने रेघ मारली तर आणखी चांगलं. मग दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरच्या बाजूला, थोडं लांब उभं राहा. मोबाइलवर चित्रण करा; नंतर सेकंद मोजायला ते कामी येतं.

सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर पांढरा कागद काही सेकंद धरा. नंतर तो वाळू द्या. पाणी असेल तर डाग वाळून जातो. ऑइल असेल तर तेलकट, अर्धपारदर्शक ठिपके राहतात. काजळी असेल तर कोरडे काळे कण, बोटाने पुसले जाणारे. डोळ्यांना रंग ओळखता येत नाही तेव्हा हा कागद फार उपयोगी पडतो, कारण पहाटेच्या उजेडात निळसर आणि पांढरा यांत भल्याभल्यांची गल्लत होते.

वास घेण्यासाठी नाक नळीजवळ नेऊ नका. हाताने थोडी हवा आपल्याकडे ढकला, तेवढं पुरे. बंद शेडमध्ये तर हा प्रयोग करूच नका: धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणसाला बेशुद्ध करतो.

## निळा धूर: छत गळतंय की जमीन?

जास्त चाललेल्या गाडीत सुरुवातीच्या धुराचं सगळ्यात नेहमीचं कारण ऑइल, आणि त्यातही व्हॉल्व्ह सील. म्हणून इथे थोडं थांबू.

व्हॉल्व्ह सील रबराचं असतं आणि ते इंजिनाच्या सगळ्यात गरम भागांपैकी एकावर बसलेलं असतं. वर्षानुवर्षं तापून ते कडक होतं. ड्रॉवरमध्ये विसरलेलं रबर बँड कसं होतं, ताणलं की तुटतं, तसंच. कडक झालेली टोपी दांडीला घट्ट बिलगत नाही. गाडी बंद केली की वर राहिलेलं ऑइल दांडीच्या कडेने हळूहळू खाली उतरतं आणि व्हॉल्व्हच्या पाठीवर किंवा थेट खोलीत साचतं. सकाळी पहिल्या ठिणगीबरोबर ते जळतं. निळसर ढग, जळक्या तेलाचा वास, आणि थोड्या वेळात सगळं स्वच्छ. ऑइल एवढंसंच असतं, पण चमचाभर ऑइलही केवढा तरी धूर करतं.

रिंगांचं वागणं वेगळं असतं. रिंगा झिजल्या किंवा खाचेत चिकटल्या तर ऑइल खालून वर येतं, आणि ते प्रामुख्याने इंजिन चालू असताना. त्यामुळे धूर सुरुवातीपुरता राहत नाही. चढावर, भार असताना, जोरात वेग घेताना तो मागे लांबत जातो.

फरक पक्का करायला दोन चाचण्या आहेत आणि दोन्हींना हत्यार लागत नाही. पहिली: इंजिन पुरतं गरम झाल्यावर ५ ते १० मिनिटं नुसतं आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू द्या, मग एकदम ३,००० आरपीएमपर्यंत रेस द्या. आधी काही नसताना रेस देताच निळा भपका आला, तर सीलवर संशय घ्या. पेट्रोल इंजिनात आयडलवर थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असतो, त्यामुळे हवा आत घेणाऱ्या वाटेत मोठी ओढ निर्माण होते. ती ओढ सीलमधून ऑइल खाली खेचते. पिचकारीचं तोंड दाबून दांडा मागे ओढला की जशी ओढ जाणवते तशी. दुसरी चाचणी: लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये गाडी येऊ द्या आणि खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दाबा. त्याच क्षणी मागच्या गाडीतल्या माणसाला भपका दिसला तर पुन्हा बोट सील आणि व्हॉल्व्ह गाइडकडे. चढावर सतत धूर दिसला तर रिंगांकडे.

गाइड म्हणजे दांडी ज्या नळीतून सरकते ती. ही नळीही झिजते. झिजलेल्या नळीत दांडी हेलकावे खाते आणि नवं सीलसुद्धा काही दिवसांत फाकतं. सील बदलूनही वर्षभरात धूर परत आला, तर बहुतेक वेळा गाइड न तपासताच सील बसवलेलं असतं.

स्पार्क प्लग काढून पाहणं हा पुढचा टप्पा. काढताना क्रमाने ठेवा, कोणता कुठल्या सिलिंडरचा हे विसरलं तर अर्धी माहिती गेली. ज्याच्यावर ओलसर काळा तेलकट थर आहे तो सिलिंडर ऑइल खातो. सगळे प्लग कोरडे आणि तरी निळा धूर येत असेल, तर धूर बाहेर सोडणाऱ्या बाजूच्या व्हॉल्व्हची सील गळत असू शकतात. तिथून उतरलेलं ऑइल खोलीत न येता सरळ गरम नळीत जातं, म्हणून प्लगला पत्ताच लागत नाही.

## "पण कॉम्प्रेशन तर चांगलं आलं"

ही शंका हमखास येते, आणि इथेच बरेच जण फसतात. कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना खोलीतली हवा किती दाबली जाते ते. गरम इंजिनावर, सगळे प्लग काढून, इंधन आणि ठिणगी बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, प्रत्येक सिलिंडरचा पिस्टन ५-६ वेळा वर येईपर्यंत सेल्फ मारून ते मोजतात. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत ते १० ते १३ बार येतं. आपल्या इंजिनाचा खरा आकडा गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत असतो. आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमी आलेल्या सिलिंडरमध्ये काहीतरी आहे.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे ५ ते १० मिली, ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब बराच वाढला तर रिंगा गळताहेत, कारण ऑइलने त्यांची फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा गॅस्केट गेलंय. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी आले तर त्यांच्यामधलं गॅस्केट.

आता मुद्द्याची गोष्ट. व्हॉल्व्ह सील पार निकामी झालं तरी कॉम्प्रेशनवर काहीच परिणाम होत नाही, कारण सील दाब अडवायला नसतंच. आणि रिंगांमध्येही एक पळवाट आहे. पिस्टनला सहसा तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः दाब अडवतात. तिसरी भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून खाली पाठवते. ऑइल वेळेवर बदललं नाही की या तिसऱ्या रिंगेची बारीक भोकं जळक्या थराने बुजतात आणि ती खाचेत चिकटते. वरच्या दोन ठणठणीत असल्याने कॉम्प्रेशन उत्तम येतं आणि गाडी मात्र ऑइल पीत राहते. म्हणून चांगलं कॉम्प्रेशन हा रिंगांना मिळालेला निर्दोषपणाचा दाखला समजू नये.

शंका उरलीच तर लीक-डाउन चाचणी करून घ्यावी. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडतात आणि ती किती टक्के निसटते ते मोजतात. हवा कुठून फुसफुसते ते कानाने कळतं: ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर बाहेरचा व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर आतला व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. १० टक्क्यांच्या आत गळती असेल तर जुन्या इंजिनासाठी छान. २० टक्क्यांच्या वर गेली की विचार करावा.

## इंजिन उघडण्याआधी या तीन गोष्टी बघा

निळा धूर दिसला की लगेच हेड काढायला घेणं घाईचं आहे. सगळ्यात आधी ऑइल जास्त तर भरलेलं नाही ना ते पाहा. डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या पुढे ऑइल असेल तर पिस्टनखाली फिरणारी क्रँक ते ढवळते, फेस होतो आणि ऑइल नको तिथे उडतं. जादाचं काढलं की धूर थांबलेला पाहायला मिळतो.

मग पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिनाच्या पोटात साचणारे वायू पुन्हा हवेच्या वाटेत सोडणारी ही छोटी झडप. ती उघडी अडकली किंवा तिचा पडदा फाटला तर वायूबरोबर ऑइलही ओढलं जातं. इंजिन आयडलवर असताना ऑइलचं झाकण काढून तोंडावर कागद ठेवा. कागद हलकेच चिकटला तर ठीक. झाकण काढायलाच जोर लागला, इतकी ओढ असेल, तर पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी. उलट कागद उडून गेला, आतून भपके येत असतील, तर एक तर झडप बुजलीय किंवा रिंगांतून बराच वायू खाली उतरतोय. ही झडप इंजिनाच्या कामापुढे किरकोळ वस्तू आहे, म्हणून तिचा नंबर आधी.

तिसरा टर्बो, तुमच्या गाडीला असेल तर. टर्बोचा दांडा ऑइलवर तरंगत फिरतो आणि ते ऑइल एका नळीने नुसतं उताराने परत खाली जातं. ती नळी बुजली की ऑइल सीलमधून बाहेर पडतं. टर्बोपासून इंजिनाकडे जाणारी हवेची नळी उघडून पाहा: आत हलकासा ओशटपणा चालतो, ऑइलचं डबकं चालत नाही. डिझेल गाडीत हे दुखणं अंगावर काढू नका. टर्बोतून भरपूर ऑइल आत गेलं तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच चालू राहतं आणि किल्ली फिरवूनही बंद होत नाही.

## गोडसर वासाचा पांढरा धूर

आता भिंतीतलं पाणी. गाडी बंद करता तेव्हा कूलंट तापलेलं आणि दाबाखाली असतं, अगदी नुकत्याच उतरवलेल्या प्रेशर कुकरसारखं. इंजिन थांबलं, खोलीतला दाब गेला, पण भिंतीतला दाब अजून आहे. हेड गॅस्केटला बारीकशी चीर असेल तर कूलंट या वेळात आत ढकललं जातं. सकाळी गाडी सेल्फ घेताना अडखळते, एखादा सिलिंडर मिसिंग करतो (नीट पेटत नाही), दाट पांढरा धूर येतो आणि तो गोडसर वासाचा असतो. मिनिटभरात इंजिन सुरळीत होतं, म्हणून मालक निर्धास्त राहतो. ही सुरुवातीची अवस्था आहे आणि पकडायची ती इथेच.

सगळ्यात खात्रीचा पुरावा म्हणजे कूलंटची पातळी. गाडीखाली थेंब नाही, होज ओले नाहीत, पायाखालच्या कार्पेटला ओल नाही आणि तरी टाकीतली पातळी आठवड्यागणिक खाली जातेय, तर ते पाणी इंजिन पितंय. त्या सिलिंडरचा प्लग इतरांपेक्षा स्वच्छ निघतो, वाफेने धुतल्यासारखा.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट लोण्यासारखा थर दिसला की गॅस्केट गेलं असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धसत्य आहे. रोज थोडंच अंतर चालणाऱ्या गाडीत नुसत्या वाफेनेही झाकणाला असा थर धरतो. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ दिसत असेल तरच काळजी करा.

खात्री करायला दोन चाचण्या. पहिल्यात इंजिन गार असताना रेडिएटरला हातपंप लावून झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब देतात, साधारण १ बार, आणि तो रात्रभरात किती उतरतो ते पाहतात. दुसरीत रेडिएटरच्या तोंडावरची हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. जळलेले वायू कूलंटमध्ये शिरत असतील तर द्रव पिवळा पडतो. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नये, हे इथे पुन्हा सांगायलाच हवं. उकळतं पाणी थेट चेहऱ्यावर येतं.

एक धोका मात्र गंभीर आहे. सेल्फ मारताच इंजिन "ठक्" करून अडलं तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. खोलीत पाणी भरलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि पिस्टनचा रॉड वाकतो. इंधन आणि ठिणगी बंद करून प्लग काढा, बाजूला उभं राहून इंजिन फिरवा, पाणी असेल तर भोकातून फवारा येईल.

पांढऱ्या धुराची एक वाट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ब्रेकचा मास्टर सिलिंडर मागून गळला तर ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यात) जातं आणि इंजिनाच्या ओढीने तिथून खेचलं जाऊन जळतं. कूलंट कमी होत नाही, ऑइल कमी होत नाही, पण ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होतेय आणि धूर पांढरा आहे, असं दिसलं तर गाडी चालवणं तिथेच थांबवा.

## काळा धूर लवकर उलगडतो

काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. एअर फिल्टर तुंबलाय का ते आधी पाहा. पेट्रोल गाडीत सुरुवातीलाच काळा धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल तर दोन संशयित. एक, रात्रभर ठिबकणारा इंजेक्टर. याने सेल्फही लांब घ्यावा लागतो आणि कधी कधी डिपस्टिकवर ऑइलची पातळी चक्क वाढलेली दिसते, कारण पेट्रोल खाली उतरतं. असं पातळ झालेलं ऑइल बदलल्याशिवाय गाडी पळवू नये.

दुसरा, कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर. तो खोटं सांगत असेल तर कॉम्प्युटरला इंजिन कडाक्याच्या थंडीत आहे असं वाटतं आणि तो इंधन ओततो. हे तपासायची युक्ती सोपी: रात्रभर उभ्या गाडीत, सुरू करण्याआधी, स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. खूप अंतर असेल तर दोघांपैकी एक सेन्सर चुकतोय.

## डिझेलचं गणित वेगळं

डिझेलला ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवली जाते की इंधन आपोआप पेटतं. गार इंजिनात ही उष्णता कमी पडू नये म्हणून ग्लो प्लग असतात. एखाददुसरा ग्लो प्लग गेला की त्या सिलिंडरमधलं डिझेल न जळता पांढरट-करड्या धुराच्या रूपात बाहेर पडतं. हा धूर डोळ्यांना झोंबतो, ही त्याची खूण. इंजिन सुरुवातीला थरथरतं आणि अर्ध्या-एक मिनिटात सरळ होतं. ग्लो प्लगची तार काढून मीटर लावा: साधारण १ ओहमच्या आसपास रोध दिसायला हवा, काहीच वाचन आलं नाही तर तो गेला. सगळे चांगले असूनही धूर येत असेल तर त्यांना वीज जोडणारा रिले पाहा, मग इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन.

कूलंट कमी होतंय आणि डिझेल गाडी पांढरा धूर मारतेय, तर गॅस्केटवर शिक्का मारण्याआधी ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडला जाणारा धूर गार करणारा भाग, तपासून घ्या. तो आतून फुटला तरी कूलंट धुराच्या वाटेने इंजिनात जातं. लक्षणं अगदी गॅस्केटसारखी, काम मात्र कितीतरी कमी.

## "जाड ऑइल घातलं तर थांबेल ना?"

कधी कधी कमी होतं, हे खरं. ५डब्ल्यू-३० च्या जागी ५डब्ल्यू-४० घातलं तर गरम इंजिनात ते थोडं जाड राहतं आणि झिजलेल्या फटीतून सावकाश उतरतं. गाडीच्या पुस्तिकेत तो ग्रेड मान्य असेल तर करून पाहायला हरकत नाही. पुस्तिकेबाहेर जाऊन फार जाड ऑइल घातलं तर गार इंजिनात ते वरपर्यंत पोहोचायला उशीर लावतं, आणि ऑइलच्या दाबावर चालणारे टायमिंगचे भाग बिथरतात. थोडा धूर वाचवताना कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घासून घेण्यात शहाणपण नाही.

जास्त चाललेल्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या ऑइलमध्ये रबर किंचित फुगवून मऊ करणारे घटक असतात. नुकती कडक व्हायला लागलेली सील त्याने सुधारू शकतात. तडकलेलं किंवा तुकडा पडलेलं सील कुठलंही ऑइल जोडू शकत नाही.

## "दहा सेकंदांचा तर धूर, चालवली तशीच तर?"

किती ऑइल जातंय ते मोजल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. सपाट जागी, इंजिन बंद करून १० मिनिटांनी डिपस्टिक वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहा, १,००० किलोमीटर झाल्यावर त्याच जागी, तसंच पाहा. बहुतेक गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर साधारण १ लिटरचं असतं. १,००० किलोमीटरला पाव लिटरपेक्षा कमी जात असेल आणि धूर सुरुवातीपुरताच असेल, तर नियमाने पातळी पाहत गाडी बराच काळ चालवता येते. काही कंपन्या तर १,००० किलोमीटरला १ लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा मानतात, पण तिथवर गेलेलं इंजिन दुरुस्ती मागतंय असंच धरावं.

मोजायचं कारण नुसता ऑइलचा खर्च नाही. ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी फॉस्फरस असलेले घटक घातलेले असतात. ते जळून सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतात आणि त्याला हळूहळू बधिर करतात. कन्व्हर्टर बऱ्याच गाड्यांत सीलच्या कामापेक्षा महाग पडतो. प्रदूषणाच्या तपासणीत गाडी पास झाली म्हणूनही निश्चिंत होऊ नका. ती तपासणी सहसा गरम इंजिनावर होते आणि तुमचा धूर तोवर कधीच निघून गेलेला असतो.

कूलंट जळत असेल तर मोजत बसण्याचा प्रश्नच नाही. ते काम पुढे ढकलावं तसं वाढतं: आधी गॅस्केट, मग तापून वाकलेलं हेड, मग बेअरिंग.

## दुरुस्तीला दिल्यावर काय विचारायचं

व्हॉल्व्ह सील बदलायला दर वेळी हेड उतरवावं लागत नाही. अनेक इंजिनांत टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) आणि कॅमशाफ्ट काढून, प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडून व्हॉल्व्ह वरच अडकवून ठेवतात आणि स्प्रिंग काढून सील बदलतात. हवा सुटली तर व्हॉल्व्ह खाली पडू शकतो, म्हणून पिस्टन वरच्या टोकाला ठेवून काम करावं. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात सोळाच्या सोळा सील एकदम बदला. एकाच वयाची असतात, बाकीचीही रांगेत उभीच असतात. स्प्रिंग काढलेली असतानाच व्हॉल्व्हची दांडी हाताने हलवून गाइडचा ढिलेपणा पाहायला सांगा. ढिलाई जास्त असेल तर हेड उतरवणंच योग्य.

गॅस्केटसाठी हेड उतरलं असेल तर त्याची सपाटी मोजल्याशिवाय परत बसवू देऊ नका. सरळ पट्टी आणि फीलर गेजने हे होतं, आणि बऱ्याच इंजिनांत ०.०५ ते ०.१ मिमीपेक्षा जास्त वाक चालत नाही. हेडचे बोल्ट ताण घेऊन लांबणारे असतील तर ते नवेच लागतात. हेड उतरलेलंच आहे तर व्हॉल्व्ह सीलही त्याच वेळी बदलून घ्या. त्यासाठी वेगळी मजुरी जवळपास लागत नाही.

काम झाल्यावर पहिले एक-दोन दिवस धूर दिसला तर लगेच भांडायला जाऊ नका. सायलेन्सरमध्ये आधीच साचलेलं ऑइल किंवा कूलंट जळून जायला वेळ लागतो. गाडी तासभर मोकळ्या रस्त्यावर चालवा, रात्रभर उभी ठेवा आणि मग तोच पांढरा कागद पुन्हा धरा. ऑइलची पातळी वरच्या खुणेवर आणून पुढच्या १,००० किलोमीटरची मोजणीही त्याच दिवशी सुरू करा.